हवेत थांबणं

हेलिकॉप्टर तबेल्यावरून अगदी खालून गेलं, की त्या वेळचं दूध कमी भरायचं. म्हशी पान्हा चोरायच्या. आरे दूध वसाहतीत दुग्धखात्याच्या नोकरीत हयात घालवलेल्या माझ्या आजोबांचं हे ठाम निरीक्षण होतं. त्यामुळे आमच्या घरातला हेलिकॉप्टरचा इतिहास म्हशींपासून सुरू होतो. 1949 साली गोरेगावच्या टेकड्यांवर ही वसाहत कशी उभी राहिली, दारा खुरोडींनी शहरातले तबेले हलवून इथे कसे आणले, 1951 साली उद्घाटनाला नेहरू कसे आले, या गोष्टी आजोबांनी इतक्यांदा सांगितल्या, की त्या आम्हीच पाहिल्यासारख्या वाटत. त्यांत मध्येच एखादं हेलिकॉप्टर यायचं. तेव्हा ते दुर्मीळ होतं. पॅरा गवत कापणारी माणसं विळे थांबवून वर बघत उभी राहायची.

शेजारच्या पाड्यावरच्या एक वारली आजी आमच्याकडे करटोली आणि शेवळं घेऊन यायच्या. विमानाचं त्यांना कधी नवल वाटलं नाही, पक्षी उडतो तसं ते उडतं. हेलिकॉप्टर मात्र एकदा टेकडीच्या माथ्यावर जागच्या जागी थांबलेलं त्यांनी पाहिलं होतं. ते त्यांनी कापशीशी जोडलं. कापशी ही पांढरी, लाल डोळ्यांची लहान घार आरेच्या गवताळ माळावर पंख फडफडवत हवेत एका जागी थांबते. "कापशी थांबली का समजायचं, खाली काहीतरी हाय," त्या म्हणायच्या. पुढे लष्करी हेलिकॉप्टरांविषयी मी जे जे वाचलं आणि ऐकलं, ते या एका वाक्यापाशी येऊन मिळतं. हे यंत्र थांबू शकतं, म्हणून सैन्याला हवं असतं. आणि थांबलं, की ते मारलं जाऊ शकतं.

माझे मोठे मामा हवाईदलात फिटर होते. वैमानिक नव्हते, त्यामुळे त्यांच्या गोष्टींत आकाश थोडं आणि ग्रीस, तेलगळती, घट्ट न बसणारे बोल्ट फार. सुट्टीवर आले की आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून ते आजोबांना एमआय-फोर समजावून सांगायचे. नाकात चौदा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याच्या वर उंचावर वैमानिकांची केबिन, पोटात सैनिक आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे उघडणारी दारं. आजोबा तंबाखू मळत ऐकायचे आणि मधूनच विचारायचे, "वजन किती उचलतं?" दुधाचे कॅन मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नसे. आणि सैन्याच्या दृष्टीनेही तोच खरा प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळलं.

1971 च्या डिसेंबरात मामा आगरतळ्याला होते. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांचं 4 कोअर त्रिपुराच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात शिरून मेघनेच्या काठाला भिडलं होतं. पलीकडे ढाक्याची वाट मोकळी होती. मध्ये ती अफाट नदी. आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने 9 डिसेंबरला उडवून दिला. पूल बांधत बसायचं, तर दिवस हातातून गेले असते. सगतसिंगांनी माणसं हवेतून नेण्याचं ठरवलं. ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या हाताखालच्या एमआय-फोरनी त्या रात्रीपासून फेऱ्या सुरू केल्या. आधी रायपुरा, मग नरसिंगदी. पुढे चंदनसिंगांना महावीरचक्र मिळालं. लष्करी इतिहासात या मोहिमेला मेघनेचा हवाई पूल म्हणतात.

मामांच्या आठवणीत पूल नव्हता, फेऱ्या होत्या. हेलिकॉप्टर यायचं, पंखा फिरताच राहायचा, हे खाली वाकून आत शिरायचे, तेल बघायचे, हात लावून कंपनं जोखायचे, इंधन भरलं जायचं, सैनिक चढायचे, ते निघायचं. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माणसं चढत होती आणि कोणी बोलत नव्हतं. एका फेरीला मामांनाही पलीकडे जावं लागलं. उतरायची जागा म्हणजे भाताचं कापलेलं शेत, आणि खुणेला हातातल्या बॅटऱ्यांचा उजेड. "नदी ओलांडली त्याचं मला काही वाटलं नाही," ते सांगायचे. "उतरल्यावर माणसं बाहेर पडेपर्यंत जी मिनिटं गेली ना, ती मी अजून मोजतो."

मिनिटं गेली आणि काही झालं नाही. त्यालाही कारण होतं. ढाक्याजवळच्या तेजगावच्या धावपट्टीवर बॉम्बफेक करून आपल्या हवाईदलाने पाकिस्तानी विमानांना त्याआधीच जमिनीवर खिळवलं होतं. शत्रूचं सैन्य पांगलेलं होतं. आणि त्या रात्री त्या शेतात कोणाच्या खांद्यावर विमानवेधी क्षेपणास्त्र नव्हतं. मेघनेची गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. सांगताना हे शेवटचं कारण मात्र गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण त्यानंतर तसं रिकामं शेत हेलिकॉप्टरच्या वाट्याला फार कमी वेळा आलं.

त्याच तारखेची दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या काकांची. ते रत्नागिरीकडचे, नौदलातून निवृत्त झालेले. काकू वसाहतीच्या दवाखान्यात परिचारिका, म्हणून ते आरेत राहायचे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, मामा तिकडे मेघनेकाठी असताना, इकडे दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात खुकरी आणि किरपाण या फ्रिगेट मुंबईहून गेल्या होत्या. पाणबुडीने आधी नेम साधला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. काकांच्या ओळखीची माणसं त्यांत होती. ती नावं ते कधीच मोठ्याने घेत नसत.

मात्र ते एक गोष्ट सांगत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नौदलात सी किंग हेलिकॉप्टरांची तुकडी दाखल झाली होती. सी किंग समुद्रावर थोड्या उंचीवर थांबतं, केबलला बांधलेलं सोनार पाण्यात सोडतं, ऐकतं, वर ओढून घेतं आणि पुढच्या जागी जाऊन पुन्हा थांबतं. पाणबुडीकडे जहाजासाठी टॉर्पेडो असतो. डोक्यावर थांबलेल्या त्या यंत्राचं ती काही करू शकत नव्हती. पण खुकरी हे लहान, जुन्या ब्रिटिश घडणीचं जहाज. तिच्या पाठीवर हेलिकॉप्टर उतरायला जागाच नव्हती. "तिला कान होते, पण ते तिच्या स्वतःच्याच पोटाला लावलेले," काका म्हणायचे.

हेलिकॉप्टरसाठी जागा असलेली जहाजं मग आपण बांधली. पुढची अडचण उलटी झाली. जहाजं नवी होत गेली आणि सी किंग म्हातारी होत गेली. नवी युद्धनौका समारंभाने दाखल व्हायची आणि तिच्या हँगरमध्ये ठेवायला पुरेशी हेलिकॉप्टरं नसायची. अमेरिकेकडून 24 एमएच-60आर घेण्याचा करार 2020 साली झाला. त्यांची पहिली तुकडी कोचीला 6 मार्च 2024 रोजी सुरू झाली. काका तोवर राहिले नव्हते. खुकरीच्या त्या रात्रीनंतर बावन्न वर्षं उलटली होती. पाणबुड्या वाट बघत नाहीत. संरक्षणखात्याच्या फायलींना मात्र इतकी वर्षं वाट बघता येते, याचा मला राग येतो.

खांद्यावरचं क्षेपणास्त्र आमच्या घरात आलं ते कारगिलच्या वेळी, दूरदर्शनच्या बातम्यांतून. 28 मे 1999 ला तोलोलिंगवर रॉकेट डागायला गेलेलं एमआय-17 स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. चौघेही गेले. दोन अधिकारी, दोन सार्जंट. मामा तेव्हा कधीच निवृत्त झालेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सार्जंट म्हणजे त्यांच्यातलेच. इंजिनच्या उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी हेलिकॉप्टरातून जळते फ्लेअर सोडतात. त्या दिवशी गेलेल्या हेलिकॉप्टरांपैकी नेमकं याच्याकडे ती सोय चालू नव्हती, असं नंतर बाहेर आलं. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-17 मागे घेण्यात आलं. हल्ल्यासाठी वेगळं हेलिकॉप्टर हवं, उंचीवर लढू शकणारं हवं, हे शहाणपण त्या डोंगरावर मिळालं. त्यातून जन्मलेलं 'प्रचंड' 3 ऑक्टोबर 2022 ला जोधपूरला हवाईदलात दाखल झालं. मधली वर्षं मोजली, तर ती तेवीस भरतात.

26 नोव्हेंबर 2008 नंतरचे दिवस मुंबईत कोणी विसरलेलं नाही. 28 तारखेच्या सकाळी एनएसजीचे कमांडो एमआय-17 मधून दोरावरून घसरत नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मामा खुर्चीतून उठून पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. आम्ही कमांडो बघत होतो. मामा हेलिकॉप्टर बघत होते. कुलाब्याच्या दाटीत, चारी बाजूंनी खिडक्या, खाली हातात एके-47 असलेले अतिरेकी, आणि हे एवढं मोठं यंत्र गच्चीवर थांबलेलं. "आता निघ रे, आता निघ," ते पुटपुटत होते, जणू वैमानिकाला ऐकू जाणार होतं. ते थांबलं होतं, म्हणून माणसं गच्चीवर पोचली. त्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंग बिश्त गेले. पुढच्या वर्षी राज्याने फोर्स वन उभारलं आणि त्याचा तळ आमच्या आरेतच आला. ज्या टेकड्यांवर आजोबा म्हशी मोजत, तिथे आता कमांडो घडतात.

मामांच्या तरुणपणी धोका खालून बंदुकीने यायचा, मग क्षेपणास्त्राने. आता तो कोणत्याही बाजूने येतो. रशियाने 24 फेब्रुवारी 2022 ला कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांनी सैन्य उतरवलं. मेघनेचीच युक्ती, पण त्या शेतात या वेळी खांद्यावर क्षेपणास्त्रं घेतलेली माणसं होती. काही हेलिकॉप्टरं पडली, उतरलेल्या सैन्याला वेळेवर कुमक पोचली नाही आणि कीव्ह हाती आलं नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात कामोव्ह-52 हेलिकॉप्टरांनी दूरवरून क्षेपणास्त्रं डागून युक्रेनचे रणगाडे अडवले, हेही खरं. म्हणजे ती निरुपयोगी झाली नाहीत. त्यांना लांब उभं राहावं लागलं. 31 डिसेंबर 2024 ला समुद्रावर चालणाऱ्या एका ड्रोनबोटीने क्षेपणास्त्र सोडून एमआय-8 पाडल्याचं युक्रेनने जाहीर केलं. बोटीत माणूस नव्हता.

जगभरच्या सेनापतींनी याचे अर्थ आपापल्या परीने लावले. अमेरिकी लष्कराने टेहळणी आणि हल्ल्यासाठी आखलेलं नवं हेलिकॉप्टर फेब्रुवारी 2024 मध्ये रद्द केलं, युक्रेनच्या रणांगणाकडे बोट दाखवून. मात्र त्याच लष्कराने सैनिक वाहून नेणाऱ्या यंत्रासाठी बेलचं व्ही-280 निवडलं आहे. ते हेलिकॉप्टरसारखं उठतं आणि पंखे पुढे वळवून विमानासारखं वेगाने जातं. वेगाची ओढ समजण्यासारखी आहे. साध्या हेलिकॉप्टरला एक जन्मजात मर्यादा असते. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं येतं आणि दुसऱ्या बाजूचं मागे सरकतं. वेग फार वाढवला, की मागे सरकणाऱ्या पात्याची उचल संपते. म्हणून तासाला तीनेकशे किलोमीटरच्या आसपास बहुतेकांचा दम संपतो. जपानने 2022 च्या अखेरीस हल्ल्याची हेलिकॉप्टरं टप्प्याटप्प्याने काढून ड्रोन घ्यायचं ठरवलं. आपण मात्र मार्च 2025 मध्ये 156 प्रचंडसाठी 62,700 कोटींचा करार केला. लडाखच्या उंचीवर जपानला लढायचं नाही, आपल्याला आहे. म्हणून हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण या 156 यंत्रांनी ड्रोनला पुढे पाठवून स्वतः डोंगराआड राहायला शिकलं पाहिजे, नाही तर तोलोलिंग पुन्हा होईल.

ड्रोनमुळे आणखी एक संकट वाढणार आहे. त्याचा विचार करताना मला नाशिक आठवतं. 27 फेब्रुवारी 2019 ला, बालाकोटनंतरच्या त्या धुमश्चक्रीत, श्रीनगरजवळ बडगामला आपलंच एमआय-17 आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. शत्रूचं समजून. हवाईदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक गावकरी गेला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. पुढे हवाईदलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचं उघडपणे मान्य केलं. तेव्हा आकाश त्या मानाने मोकळं होतं. उद्या त्याच थरात, त्याच वेगाने, शेकडो ड्रोन फिरत असतील. त्यांतलं कोणतं आपलं, कोणतं परकं आणि कशात माणसं बसलेली आहेत, हे काही सेकंदांत ओळखायचं आहे. नव्या क्षेपणास्त्रांच्या बातम्यांना पहिलं पान मिळतं. ओळख पटवण्याच्या यंत्रणेला मिळत नाही. घरच्यांना मात्र कळतं, की जीव त्यावर टांगलेला असतो.

मामांना मी ड्रोनविषयी वाचून दाखवते. त्यांची नजर आता अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकदा विचारलं, "जखमी आत घेतो का?" काही देशांत तसे प्रयोग चालू आहेत, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "मग तोपर्यंत कोणीतरी जाऊन थांबलं पाहिजे."

आरेतली झाडं उन्मळून पडत होती त्या तौक्ते वादळाच्या दिवशी, 17 मे 2021 ला, मुंबईच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला. त्यावर 261 माणसं होती. आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी खवळलेल्या पाण्यातून माणसं उचलली; दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून हेलिकॉप्टरंही शोधाला निघाली. 186 जण वाचले. शोधाला गेलेल्यांत चेतक होतं. मूळ फ्रेंच आराखडा 1959 साली पहिल्यांदा उडालेला. आजोबा भर नोकरीत होते, तेव्हाचा.

आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. चेतक आणि त्याचा धाकटा भाऊ चीता, ही दोन्ही एका इंजिनाची. सियाचेनच्या सहा हजार मीटरच्या आसपासच्या चौक्यांवर 1984 पासून जे काही पोचतं, त्यातलं फार मोठं ओझं चीताने वाहिलं आहे. तिथली हवा इतकी विरळ, की पात्यांना धरायला काही उरत नाही. सर्वांत वरच्या चौकीवर एका फेरीत रॉकेलचा एखादा जेरीकॅन, थोडी भाजी, टपाल. येताना हिमदंश झालेला एक जवान. आजोबांचा प्रश्न तिथे नेहमीच विचारला जातो. वजन किती? उत्तर किलोंमध्ये येतं आणि माणूस त्यात बसवायचा असतो.

ही यंत्रं बदलायला हवीत, हे कोणाला माहीत नाही असं नाही. 2015 साली रशियाबरोबर 200 कामोव्ह-226 साठी समझोता झाला, तो बारगळला. त्याच सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचा एक गट संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटला. त्यांची मागणी साधी होती: आमच्या नवऱ्यांना या जुन्या हेलिकॉप्टरांत बसवू नका. एचएएलचं हलकं हेलिकॉप्टर 2016 मध्ये पहिल्यांदा उडालं, चांगलं उडालं, उंचीवरच्या चाचण्यांतही उतरलं. आणि तरीही तुकड्यांपर्यंत पोचायला वर्षांवर वर्षं जात राहिली. मधल्या काळात ध्रुव हे आपलं भरवशाचं, ते 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला तटरक्षक दलाच्या तिघांना घेऊन पडलं. पात्यांचा कोन बदलणारी स्वॅशप्लेट तुटली होती. सगळी ध्रुव काही महिने जमिनीवर राहिली, आणि ओझं पुन्हा चीताच्या अंगावर आलं. मी स्वॅशप्लेटची बातमी वाचली, तेव्हा मामा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. तो भाग त्यांनी शेकडो वेळा पुसला, तपासला असेल. कुठेतरी एक फिटर आज रात्री झोपला नसेल, एवढंच ते बोलले.

नाशिकच्या गांधीनगरला लष्कराच्या हवाई शाखेची प्रशिक्षण शाळा आहे. 25 मे 2022 ला तिथूनच कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या लढाऊ हवाई शाखेत दाखल होणारी पहिली महिला अधिकारी म्हणून बाहेर पडली. तिथे शिकणाऱ्या पोरापोरींपैकी अनेकांची पहिली नेमणूक चीता किंवा चेतकवर होते. प्रचंड, अपाची, एमएच-60आर यांच्या रांगेत ही मुलं बसायला जातील तेव्हा जातील. त्यांच्यासाठी नवं हलकं हेलिकॉप्टर आधी आलं पाहिजे. ड्रोनने जेरीकॅन आणि टपाल वर नेलं, तर फार चांगलं. तेवढ्या फेऱ्यांपुरता माणसाचा जीव वाचेल. पण जवानाला खाली आणायचं असेल, तेव्हा त्या बर्फावर कोणीतरी येऊन थांबणार आहे. त्याच्या पाठीमागचं इंजिन या शतकातलं असावं.